कोंदणातील फुले

आपल्या घरांत डोहाळजेवणाचा समारंभ असला म्हणजे गर्भवती सुनेला फुलांची वाडी घालण्याची चाल आहे. मोगऱ्याच्या कळ्यांचा बाजूबंद, शेवंतीचा कंबरपट्टा, जुईच्या गजऱ्यांच्या बांगड्या, कानांत फुलांचे झुबे, कपाळावर कळ्यांची बिंदी असा सारा साज फुलांचाच असतो. आणि घरातील वडील स्त्रिया त्या फुलांना नावे देतात ती मात्र दागिन्यांची. उलट, लग्नात त्याच सुनेच्या अंगावर जो सोन्यामोत्यांचा साज चढलेला असतो त्यातील दागिन्यांची नावे पाहावीत, तर ती फुलांची : चाफेकळी, बकुळीहार, कर्णफूल, केवडा, गुलाबफूल. फुलांनी दागिन्यांचे नाव घ्यावे आणि दागिन्यांनी फुलांचे, ही देवघेव आपल्या इतक्या अंगवळणी पडली आहे की तिच्याकडे कोणी मुद्दाम लक्ष देत नाही.

ज्या ज्ञातीच्या हातांनी ही फुले सोन्यात आणि रत्नांत उमलविली, त्या आपल्या सुवर्णकार ज्ञातीच्या स्मरणिकेत या देवघेवीचा इतिहास थोडक्यात मांडावा, असे आमच्या मनात बरेच दिवस होते. राजेरजवाड्यांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. ज्यांनी त्या राजांचे शिरपेच घडविले त्यांचा इतिहास त्यांच्याच वंशजांनी लिहिला नाही, तर तो कोणी लिहावा ?

फूल आधी की दागिना ?

मनुष्याने प्रथम फूल माळले आणि नंतर सोने घातले, हे सांगण्यास पुरावा नको. आपल्या पूर्वजांच्या विचारातही हाच क्रम होता. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात पात्रांच्या वेषभूषेचे जे प्रकरण आहे, त्यात आधी फुलांच्या माळांचे पाच प्रकार सांगितले आहेत आणि त्यानंतर अलंकारांचे चार. अंग टोचून घालावयाचे ते आवेध्य, जसे कुंडल. बांधावयाचे ते बंधनीय, जसे बाजूबंद व कंबरपट्टा. पायात चढवावयाचे ते प्रक्षेप्य, जसे नूपुर. आणि अंगावर सोडावयाचे ते आरोप्य, जसे हार. आजही आपल्या दुकानातील कोणताही दागिना या चारांपैकी एका घरात बसतो. माळ आणि दागिना ही शास्त्रकाराच्या दृष्टीने एकाच विषयाची दोन पाने होती.

मध्य प्रदेशातील भारहुत येथे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील एक बौद्ध स्तूप होता. त्याचे अवशेष अलेक्झांडर कनिंगहॅम यांना १८७३ मध्ये सापडले, आणि त्याचे दगडी कठडे आज कोलकात्याच्या इंडियन म्यूझियममध्ये आहेत. त्या कठड्याच्या माथ्यावर एक लांबलचक वेल कोरलेली आहे. ती नागमोडी वळणे घेत जाते आणि तिच्या वळणावळणांतून फुलाफळांबरोबरच हार, कर्णभूषणे व कंकणे लोंबताना दिसतात. ही कल्पलता होय. मागेल ते देणाऱ्या वेलीला दागिने लगडलेले दाखवावेत, हे त्या अनामिक शिल्पकाराला अगदी स्वाभाविक वाटले.

हीच कल्पना कालिदासाच्या शाकुंतलात पुन्हा भेटते. शकुंतला सासरी निघते तेव्हा आश्रमात सोने कोठून असणार ? तिला वस्त्र, अळिता आणि अलंकार देतात ते तपोवनातील वृक्ष व वनदेवता. पुढे दुष्यंत तिचे चित्र काढतो, तेव्हा चित्रात काय राहून गेले म्हणून त्याला चुटपुट लागते, तर कानावरचे शिरीषाचे फूल आणि गळ्यातील कमळतंतूंचा हार. राजाच्या भांडारात रत्नांची वाण नव्हती. तथापि प्रियेची ओळख पटविणारी खूण त्याला फुलातच सापडली. मेघदूतातील अलकानगरीच्या स्त्रिया तर साऱ्या ऋतूंची फुले एकाच वेळी माळतात, कारण त्या नगरीत कोणताच ऋतू संपत नाही. आम्हांस वाटते की सोनाराच्या कलेचे मूळ याच इच्छेत आहे. फूल संध्याकाळी कोमेजते. ते कोमेजू नये असे ज्याला वाटले, त्याने ते सोन्यात घडविले.

रत्नांना मिळालेली फुलांची नावे

दागिन्याच्या घाटाप्रमाणे त्यातील रत्नांनीही आपली नावे फुलांकडून घेतली आहेत. उत्तम माणकाला संस्कृतात पद्मराग म्हणतात. पद्म म्हणजे कमळ आणि राग म्हणजे रंग. आज जगाच्या बाजारात गुलाबी-नारिंगी नीलाला जे ‘पदपराजा’ असे नाव आहे, ते सिंहलद्वीपातून गेलेले याच शब्दाचे रूप होय. आपण ज्याला पुष्कराज म्हणतो तो मूळचा पुष्पराग. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत रत्नपरीक्षेची प्रकरणे लिहिली आहेत. त्यांत चांगल्या पाचूचा रंग सांगताना त्याने पोपटाचे पंख, वेळूचे पान व केळ यांच्याबरोबर शिरीषाचे फूल घेतले आहे. रंग मोजण्याचे यंत्र त्या काळी नव्हते. परीक्षकाची नजर बागेत तयार होत असे.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर अजिंठ्याकडे पाहावे. पहिल्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्व पाचव्या शतकाच्या अखेरचा आहे. त्याच्या हाती निळे कमळ आहे आणि मस्तकी रत्नखचित मुकुट. सतराव्या लेण्यात दर्पणात पाहून शृंगार करणारी राजस्त्री आहे. चित्रकाराने हे दागिने इतक्या बारकाईने रंगविले आहेत की जाणत्या कारागिराने डोळे भरून पाहिले, तर मोत्याचा सर कोठे गुंफला आणि पदक कोठे टांगले, हे त्याला सांगता यावे.

पुढे कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास मानसोल्लास हा ग्रंथ रचला. राजाने घ्यावयाचे जे वीस उपभोग त्याने वर्णिले आहेत, त्यांत माल्योपभोग म्हणजे फुलांच्या माळांचा उपभोग आणि भूषोपभोग म्हणजे अलंकारांचा उपभोग, असे दोन्ही स्वतंत्रपणे येतात. नाट्यशास्त्रापासून हजार वर्षे लोटली तरी माळ आणि दागिना यांचे शेजार सुटले नव्हते.

मोगल दरबारातील बाग

मोगल काळात या कलेत नवे वारे आले. अबुल फजल याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ऐन-इ-अकबरी लिहिली, तीत हिंदुस्थानातील स्त्रियांच्या दागिन्यांची यादी आहे. त्यातील कित्येक नावे आपल्या परिचयाची आहेत. शीसफूल हा डोकीवरचा दागिना झेंडूसारखा. कर्णफूल हे काळ्या जिऱ्याच्या फुलासारखे. फुली ही कळीसारखी, जिचा देठ नाकात अडकवितात. आणि चंपाकळी ही कानाच्या पाळीवर घालावयाची. आज आपण चंपाकळी किंवा चाफेकळी म्हणतो ती गळ्यात घालतो. म्हणजे नाव तेच राहिले, कळीही तीच राहिली, पण ती कानावरून उतरून गळ्यात आली. दागिन्यांच्या इतिहासात अशा यात्रा पुष्कळ आहेत.

बादशहा जहांगीर १६२० च्या वसंतात काश्मिरास गेला, तेव्हा तेथील फुले पाहून तो इतका मोहून गेला की त्याने आपला चित्रकार उस्ताद मन्सूर याच्याकडून त्यांची चित्रे करविली. ती शंभराहून अधिक झाली, असे त्याने आपल्या आत्मवृत्तात नमूद केले आहे. युरोपातून येणाऱ्या वनस्पतींच्या छापील चित्रग्रंथांचाही या चित्रकारांवर परिणाम झाला. पुढे शहाजहानच्या कारकिर्दीत, म्हणजे १६२८ ते १६५८ या काळात, देठ, पाने, कळी आणि उमललेले फूल असे संपूर्ण रोपटे हाच दरबाराचा आवडता आकार होऊन बसला. ताजमहालाच्या संगमरवरात तो रंगीत दगडांनी जडविला, शालींत विणला, खंजिरांच्या मुठीवर कोरला आणि अर्थात दागिन्यांवरही उतरला.

याच काळात पाचूचा एक नवा झरा हिंदुस्थानाकडे वाहू लागला होता. दक्षिण अमेरिकेतील कोलंबियाच्या खाणी स्पेनच्या हाती गेल्यावर तेथील मोठमोठे, गर्द हिरवे पाचू युरोपमार्गे पोर्तुगीजांच्या गोव्यात येत आणि तेथून मोगल व दक्षिणी दरबारांत जात. हिंदी कारागिरांनी या पाचूंना पैलू पाडून त्यांचे वजन घालविले नाही. त्यांनी त्यांवर फुले कोरली. असा एक पाचू २१७.८० कॅरटचा आहे. त्याच्या एका अंगावर प्रार्थना कोरलेली असून दुसऱ्या अंगावर फुले आहेत, आणि त्यावरील हिजरी सन ११०७ म्हणजे इ. स. १६९५-९६ होय. २००१ मध्ये लंडनच्या लिलावात तो पंधरा लाख पौंडांहून अधिक किमतीस गेला आणि आज कतारमधील दोहा येथील इस्लामी कलेच्या संग्रहालयात आहे. दुसरा, १४१.१३ कॅरटचा, ताजमहाल पाचू या नावाने ओळखला जातो. त्यावर कमळ व खसखशीची फुले आहेत. पॅरिसच्या कार्तिए पेढीने १९२५ च्या प्रदर्शनात मांडलेल्या एका अलंकारात तो बसविला होता. अमेरिकेतील खाण, गोव्याचे बंदर, हिंदी हात आणि पॅरिसचे प्रदर्शन, असा त्या एका हिरव्या खड्याचा प्रवास आहे. या साखळीतील खाणमालक, व्यापारी आणि बादशहा यांची नावे इतिहासात सापडतात. ज्याने ते फूल कोरले त्याचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

कोंदण म्हणजे काय

आता या कलेच्या गाभ्याकडे वळू. आपल्या भाषेत एखादी गोष्ट नेमक्या जागी शोभली म्हणजे ती कोंदणात बसली असे म्हणतात. हा शब्द आपल्या धंद्याने मराठीला दिलेला आहे. परंतु कोंदणात हिरा प्रत्यक्ष कसा बसतो हे आपल्या तरुण पिढीतील कित्येकांना ठाऊक नसते. म्हणून ते सांगतो.

प्रथम सोन्याच्या पातळ पत्र्याचा पोकळ घाट तयार करतात आणि त्यात खड्यांसाठी घरे ठेवतात. मागील बाजूस मीनाकाम करावयाचे असेल तर ते याच वेळी उरकतात, कारण मिन्याला भट्टीची आच लागते. मिन्याचे रंगही एकदम भाजून चालत नाहीत. ज्या रंगास अधिक आच सोसते तो आधी आणि ज्यास कमी सोसते तो मागाहून, असा क्रम असतो. तांबडा रंग सर्वांत नाजूक, म्हणून तो शेवटी. नंतर पोकळ घाटात लाख भरतात. प्रत्येक घरात चांदीचा चकचकीत पातळ पत्रा, म्हणजे डाक, घालून त्यावर खडा ठेवतात. शेवटी अत्यंत शुद्ध सोने ठोकून केलेल्या अरुंद पट्ट्या खड्याच्या कडेने पोलादी हत्याराने दाबून बसवितात. हेच कोंदण.

येथे मर्म असे आहे की पूर्ण शुद्ध सोने स्वतःशीच, आच न लागता, केवळ दाबाने एकजीव होते. त्यामुळे खाली लाख असो, डाक असो वा मिना असो, कशालाही धक्का लागत नाही. शिवाय मऊ सोने खड्याचा आकार घेते. खड्याला सोन्याचा आकार घ्यावा लागत नाही. युरोपीय पद्धतीच्या आकड्यांच्या बैठकीला खडे मापाने घासलेले लागतात. कोंदणाला तशी अट नाही. वेडावाकडा हिऱ्याचा तुकडा असो, थेंबासारखे माणिक असो, तो जसा असेल तसा त्याच्या घरात बसतो. म्हणूनच आपल्या कारागिराला रत्नांची फुले करता आली. निसर्गातील कोणत्या फुलाच्या दोन पाकळ्या तंतोतंत सारख्या असतात ? पैलू न पाडलेल्या सहा पोलक्या हिऱ्यांच्या सहा पाकळ्या आणि मध्ये एक माणिक, असे फूल पाहिले म्हणजे त्यातील सजीवपणा कोठून येतो हे ध्यानात येते.

हे काम एका हाताचे नव्हे. जयपूरकडे नक्षी काढणारा चितेरा, घाट घडविणारा सोनार, मिन्यासाठी कोरणारा, मीनाकार, खडे बसविणारा जडिया आणि शेवटी रेशमात ओवणारा पटवा असे सारे निरनिराळे असत. आपल्याकडेही घडविणारा सोनार, जडावाचे काम करणारा आणि ओवणारा पटवेकरी हे भेद होते. जयपुरी दागिन्याच्या पाठीवर तांबड्या-हिरव्या फुलांचे मीनाकाम असते आणि ते घालणारीच्या अंगाला टेकलेले राहते. म्हणजे ते जगाला दिसत नाही. जे कोणी पाहणार नाही तेही सुंदर करावयाचे, हा आमच्या मते त्या कारागिरीचा सर्वांत मोठा अलंकार होय.

मराठी अंगावरील बाग

आपल्या मराठी दागिन्यांची नावे उच्चारली तर शेत, परसू आणि बाग डोळ्यांपुढे उभी राहतात. जोंधळी, जवमणी, पोहेहार ही धान्याची. बोरमाळ आणि चिंचपेटी ही झाडाफळांची. आणि फुलांची तर गणतीच नाही. डोक्यापासून निघावे, तर अंबाड्याच्या मध्यावर माणकांची राखडी, तिच्याभोवती केवडा, गुलाबफूल आणि मूद. कानांत कुड्या : मध्ये एक मोती किंवा खडा आणि त्याभोवती मोत्यांच्या पाकळ्या, म्हणजे साक्षात फूलच. वरच्या पाळीला बुगडी. नाकात फुली किंवा नथ. गळ्यात तन्मणी, त्याचे जडावाचे खोड, लफ्फा, चाफेकळीची माळ, आणि लांब बकुळीहार.

नथीसंबंधी एक गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. नथ ही आपण सनातन समजतो. पण प्राचीन शिल्पांत व प्राचीन संस्कृत वाङ्मयात नाकातील दागिना आढळत नाही, हे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे विद्वान प. कृ. गोडे यांनी १९३८ मध्ये आपल्या निबंधात साधार दाखवून दिले. अजिंठ्याच्या राणीला सारे काही आहे, नथ मात्र नाही. जुने म्हणून जे आपण मिरवितो त्याचेही वय असते, आणि ते शोधले तर त्याची शोभा कमी होत नाही.

नावांवरूनही वय कळते. गुलाब हा शब्द फारसी आहे. त्याचा मूळ अर्थ गुलाबपाणी. तेव्हा गुलाबफूल हे नाव फारसीचा वावर सुरू झाल्यानंतरचे, हे उघड आहे. चाफेकळीतील चाफा कोणता, हाही प्रश्न तरुण मंडळी विचारतात. देवळापुढे असतो तो पांढरा खुरचाफा अमेरिका खंडातून आलेला आहे. सोनाराची कळी आहे ती सोनचाफ्याची : लांबट, टोकदार आणि मुळातच सोन्याच्या रंगाची. ज्या फुलाला निसर्गानेच सोन्याचे पाणी दिले ते सोनाराने प्रथम उचलावे यात नवल नाही.

बकुळीची कथा निराळी आहे. बकुळीच्या फुलाला मध्ये भोक असते. ते झाडाखाली गळून पडले की सुईशिवायही दोऱ्यात ओवता येते, आणि सुकल्यावर त्याचा वास जात नाही. सोनाराने पातळ पत्र्यावर ठसा मारून त्याची नाजूक फुले केली आणि मुलींनी अंगणात ओवावीत तशीच ती ओवून हार केला. जी फुले सुकूनही संपत नाहीत तीच त्याने सोन्यासाठी निवडली, हे त्याच्या रसिकतेचे लक्षण होय.

गोव्याच्या हिंदू स्त्रियांनी केसांत माळावयाच्या सोन्याच्या फुलांची परंपरा विशेष जतन केली. त्या भूमीतील आपल्या बांधवांचा इतिहास कष्टाचा आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलातील धर्मच्छळामुळे अनेक हिंदू कुटुंबे, त्यांत सुवर्णकारांचीही, घरदार सोडून कानडा किनाऱ्यावर आणि पार कोचीपर्यंत गेली. जाताना जमीन नेता येत नाही आणि घर नेता येत नाही. हातातील कला तेवढी नेता येते. दक्षिणेकडे, तंजावरात १६७६ च्या सुमारापासून १८५५ पर्यंत मराठी राज्य होते. तामिळ प्रदेशात वेणीवर घालावयाचा जो जडावाचा नाग असतो त्यात केवड्याच्या पात्यांचा घाट असतो, आणि आपल्या राखडीला तेथे राक्कोडी म्हणतात. शब्द आणि घाट हे सरहद्दीवर जकात देत नाहीत.

मराठी राज्यकर्त्यांच्या हौसेचा सर्वांत भव्य नमुना म्हणजे बडोद्याचा मोत्यांचा गालिचा. खंडेराव गायकवाड महाराजांनी तो १८६५ च्या सुमारास करविला. लाखो बारीक बसरा मोत्यांनी फुलावेलींची नक्षी भरून मध्ये हिऱ्यांची तीन चक्राकार फुले त्यात बसविली आहेत. मदिनेच्या पैगंबरांच्या समाधीस अर्पण करण्याचा महाराजांचा संकल्प होता असे सांगतात. १९०२-०३ च्या दिल्लीच्या प्रदर्शनात तो लोकांनी पाहिला आणि २००९ मध्ये दोहा येथील लिलावात सुमारे ५४ लाख ६० हजार डॉलरांस विकला गेला. आता तो आपल्या देशात नाही.

दोन आघात

या कलेवर गेल्या शंभर वर्षांत दोन मोठे आघात झाले. पहिला मोत्यांचा. आपल्या कुड्या, नथी आणि तन्मणी यांचे सारे तेज इराणच्या आखातातील नैसर्गिक मोत्यांवर अवलंबून होते. मुंबई ही त्यांची मोठी पेठ होती. जपानमध्ये मिकिमोतो यांनी १८९३ मध्ये शिंपल्यात मोती वाढविण्यात यश मिळविले, आणि १९३० च्या सुमारास त्या मोत्यांचा सुळसुळाट व जागतिक मंदी यांमुळे आखातातील पाणबुड्यांचा धंदाच बुडाला. आज आजीच्या कुडीतील एक मोती निखळला तर त्याच्या जोडीचा मिळणे दुर्घट असते, त्याचे कारण हे आहे.

दुसरा आघात आपल्या ज्ञातीतील वृद्धांना सांगावयास नको. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर, १९६३ च्या जानेवारीत, सुवर्ण-नियंत्रणाचे नियम जारी झाले आणि चौदा कॅरटहून अधिक कसाचे नवे दागिने करण्यास बंदी झाली. देशापुढे संकट होते, हे खरे. आपल्या भगिनींनी संरक्षण निधीस अंगावरचे दागिने काढून दिले, हेही खरे. परंतु या एका फटक्याने देशभर असंख्य सुवर्णकारांच्या शेगड्या विझल्या. कित्येकांनी हत्यारे विकून मिळेल ती नोकरी धरली आणि काहींनी तर जीव दिला. पुढे १९६६ मध्ये चौदा कॅरटची अट उठली, तरी १९६८ च्या कायद्याने नियंत्रण चालूच राहिले. तो कायदा रद्द झाला १९९० मध्ये.

या काळाचा विचार करताना लोक पोटापाण्याचा हिशेब करतात आणि तो योग्यच आहे. पण आम्हांस आणखी एक हिशेब मांडावासा वाटतो. चौदा कॅरटच्या सोन्यातून कोंदण निघत नाही. ते कठीण असते आणि दाबाने एकजीव होत नाही. म्हणजे त्या नियमाने केवळ कस उतरला नाही, एक संपूर्ण कला हाताबाहेर गेली. जडावाचे काम बापाच्या शेजारी बसून दहा-बारा वर्षांनी हाती येते. ज्या मुलाने त्या वर्षांत गिरणीत किंवा कचेरीत नोकरी धरली, तो परत बैठकीवर आला नाही. आणि त्याच्या मुलास ते शिकविणारे कोणी उरले नाही. कायदा रद्द करता येतो, तुटलेली पिढी सांधता येत नाही. अलीकडे, २०२१ पासून सोन्याच्या दागिन्यांना शुद्धतेचा शिक्का सक्तीचा झाला, तेव्हा कुंदन, पोलकी व जडाव यांना त्यातून वगळले आहे. कारण लाख आणि खडे यांच्या पोटातील सोने इतर दागिन्यांसारखे कसास लावता येत नाही. तेथे अजूनही गिऱ्हाइकाचा विश्वास आणि सोनाराचा शब्द हेच माप आहे. ही सवलत नव्हे, जबाबदारी होय, असे आपण समजले पाहिजे.

एक विनंती

काही वर्षांपूर्वी आमच्या पाहण्यात आलेला एक प्रसंग सांगून हा लेख पुरा करतो. एका घरातील तरुण मंडळी आजीच्या पेटीतील जुने सोने मोडण्यासाठी घेऊन आली होती. त्यात पात्यापात्यांचा, माणके बसविलेला एक दागिना होता. त्याचे नाव विचारले, तर कोणी पान म्हणाले, कोणी ब्रूच म्हणाले. बरोबर आलेल्या वृद्ध आजी तोवर गप्प होत्या. त्यांनी तो हातात घेतला, नकळत अंबाड्याकडे नेला आणि म्हणाल्या, “केवडा आहे तो. माझ्या सासूबाईंचा.” वजन केले, लाख, डाक व खडे वजा जाता सोने फारच थोडे निघाले असते. नातवाने तो परत पेटीत ठेवला. त्या दिवशी आजी सोबत नसत्या, तर तो केवडा मुशीत गेला असता आणि त्याबरोबर त्याचे नावही.

म्हणून ज्ञातिबांधवांस व विशेषतः ज्ञातिभगिनींस आमची नम्र विनंती आहे. आपल्या घरातील जुना दागिना मोडण्यापूर्वी त्याचे नाव घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीला विचारावे. तो कोणाचा, कोणत्या गावी घडविला, कोठे घालीत, हे तिच्या तोंडून लिहून घ्यावे आणि त्याचे पुढून व पाठीमागून छायाचित्र काढावे. जडावाचा दागिना पाण्याने धुऊ नये. डाकेत ओल शिरली की खड्याचे तेज कायमचे जाते. आचेजवळ ठेवू नये, लाख सुटते. मऊ कोरड्या कापडाने पुसून स्वतंत्र घडीत ठेवावा. आणि मोडणे अटळच असेल, तर त्यातील घाटाचा निदान एक ठसा, एक रेखाटन मागे ठेवावे. पुण्याचे कै. दिनकर केळकर यांनी एकट्याने दारोदार हिंडून दिवे, अडकित्ते, फण्या अशा रोजच्या वस्तू गोळा केल्या, म्हणून त्या आज संग्रहालयात पाहावयास मिळतात. आपण तर हजारो कुटुंबे आहोत आणि आपल्याला हिंडावयासही नको. आपली पेटी उघडली की पुरे.

आपल्या ज्ञातीचे भूषण संत नरहरी महाराज यांनी बागेसरी, मूस, हातोडी या धंद्याच्या साहित्यातच परमार्थ पाहिला. देव शोधण्यासाठी त्यांनी दुकान सोडले नाही. आपणांस त्यांची योग्यता कोठून येणार ? परंतु त्याच ऐरणीवर, त्याच फुंकणीने ज्या हातांनी सोन्याची बकूळ फुलविली, त्या हातांची आठवण ठेवणे हे आपल्या शक्तीबाहेरचे नाही. बकुळीचा वास सुकल्यावरही राहतो. तसा तो राहावा, इतकीच इच्छा.